दोन जावा, दोन पिकअप आणि एक जांभळी तार

इंदापुरातून बारामतीकडे निघालं की गाव संपता संपता आमचं दुकान लागतं. पुढं आमचे हे बसतात, त्यांना सगळे तात्या म्हणतात. मागं पत्र्याच्या आडोशाला माझं टेबल आहे. गिऱ्हाईक येतं, यांच्याशी बोलतं, चहा होतो, कारखान्याचं, पाण्याच्या पाळीचं बोलून होतं आणि तोवर गाडीच्या तारा माझ्या हातात आलेल्या असतात. पुष्कळांना वाटतं की तात्यांच्या हाताला गुण आहे. ते तसंच राहिलेलं मला बरं वाटतं. अनोळखी माणूस समोर उभं राहिलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.

दिवाळीच्या अंकांत माणसं आपापल्या कामाचं लिहितात. कुणी कंडक्टर असतो, कुणी नर्स, कुणी पोस्टात आयुष्य काढलेलं. मला ते वाचायला गोष्टींपेक्षाही आवडतं. गाडीच्या वायरिंगचं कुणी लिहिलेलं मात्र माझ्या वाचनात आलं नाही. हे मी कुठल्या अंकाला पाठवणार नाही, घरातही दाखवणार नाही. दुपारची वीज गेली की काम थांबतं, तेव्हा लिहिते आणि टेबलाच्या खणात ठेवते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कऱ्हाटीहून लग्न होऊन आले तेव्हा हे सेल्फच्या मोटरी भरून देत असत. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देते ती सेल्फची मोटर. ती जळली की आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, एकेक वेढा घट्ट बसवत. यांना बसून काम करायचा भारी कंटाळा. एकदा “तू भर जरा, मी आलोच” म्हणून हे उठून गेले ते गप्पा आटपून संध्याकाळी उगवले. तोवर मी मोटर भरून ठेवली होती. ती चालली. बसून करायचं काम माझं आणि उभ्यानं बोलायचं काम यांचं, ही वाटणी तेव्हा पडली ती आजवर मोडलेली नाही.

वायरिंगचं काम म्हणजे शोधायचं काम. वीज बॅटरीतून निघते, कामाच्या जागी जाते आणि परत येते. मध्ये कुठंतरी तिची वाट तुटलेली असते, नाहीतर ती भलतीकडंच पळालेली असते. तार जोडायला काही वेळ लागत नाही, तुटलीय कुठं ते कळायलाच वेळ जातो. पूर्वी ट्रॅक्टरबरोबर जे पुस्तक मिळायचं त्याच्या शेवटी सगळ्या तारांचा नकाशा असायचा. कुठली तार कुठून निघते, कुठं जाते, तिचा रंग कोणता, सगळं. पुस्तक इंग्रजी असलं तरी रेघा मला वाचता येत होत्या.

आताही गाडीबरोबर पुस्तक मिळतं, आणि पहिल्यापेक्षा जाड मिळतं. सीट मागं कशी घ्यायची, आरसा कसा फिरवायचा, लहान मुलाला कसं बसवायचं, हे सगळं त्यात असतं. बाकी काही झालं तर आमच्या अधिकृत वर्कशॉपला फोन करा, असं असतं. नकाशा तेवढा नसतो. तो कंपनीच्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही.

कधी कधी तर लपवलेली गोष्ट एवढीशी असते की हसू येतं. वालचंदनगरच्या क्वार्टरमधले एक साहेब कार घेऊन आले होते. बॅटरी संपली होती, ती यांनी बदलून दिली. गाडी सुरू झाली, पण खिडकीची काच खुळ्यासारखी करायला लागली. वर जायची आणि आपण होऊन परत खाली यायची. मी दाराचं आतलं कव्हर काढलं, मोटर तपासली, तारा तपासल्या. सगळं ठीक. साहेबांच्या आई मागं बसलेल्या होत्या, त्यांना ऊन लागत होतं. त्यांनी वैतागून काचेचं बटण जे दाबलं ते सोडलंच नाही. काच वर गेली आणि वरच राहिली. पुन्हा वरखाली करून बघितली तर अगदी शहाण्यासारखी. बॅटरी काढली की काचेला आपलं वरचं टोक आठवत नाही, बटण दाबून धरून ते तिला दाखवावं लागतं, एवढंच होतं ते. पुस्तकात त्यासाठी एक ओळ पुरली असती. आजी म्हणाल्या, “ही अशीच ऐकत्या. आमच्या घरात बी सगळी अशीच हायेत.”

नकाशा नाही म्हटल्यावर आम्ही आमची एक रीत काढली आहे. तिला आम्ही जोडीची गाडी म्हणतो. आजारी गाडीसारखीच, त्याच मॉडेलची एक धडधाकट गाडी मागून आणायची आणि दोघींना तोंडाला तोंड लावून उभं करायचं. तिच्यात कुठल्या तारेत किती वीज आहे ते बघायचं, मग हिच्यात बघायचं. जिथं फरक पडेल तिथं दुखणं. जोडीची गाडी मागायचं काम यांचं असतं आणि यांच्या ओळखी अख्ख्या तालुक्यात आहेत, त्यामुळं अडत नाही. फक्त एकदा अडलं, त्याचंच लिहायला बसले आहे.

पळसदेवची सुमन तिशीच्या पुढची, बोलायला खणखणीत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहाटे होड्या मासे धरून काठाला येतात. सुमन काठावरून मासे गोळा करायची, बर्फात घालायची आणि स्वतः पिकअप चालवत भिगवणच्या बाजारात लिलावाला पोहोचवायची. बऱ्याच होडीवाल्यांचा माल तिच्याच गाडीतून जायचा. गाडी नव्यातलीच होती, गॅरंटीतली. एके दिवशी तिचा इंजिनातला बिघाड सांगणारा पिवळा दिवा लागला आणि गाडी लंगडायला लागली. पाय कितीही दाबा, इंजिन आवाज चढवेना. सपाटीला बैलगाडीसारखी चालायची, चढ आला की बसायची.

सुमन आधी बारामतीला कंपनीच्या वर्कशॉपला गेली होती. तिथं त्यांनी सांगितलं की तारांचा अख्खा गठ्ठा बदलावा लागेल, तो बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. शिवाय गाडीच्या बॉडीला बाहेरच्या माणसानं हात लावलेला दिसतोय, म्हणून गॅरंटीत बसणार नाही. मग ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून आमच्या दारात आली.

गाडी नसलेल्या दिवसांत होडीवाल्यांचा माल कोण नेतंय, असं यांनी विचारलं. सुमनचा चेहरा उतरला. म्हणाली, “कोण नेणार? राहीबाई. टपूनच बसली हुती.”

राहीबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. घर वाटलं तेव्हा जाळी आणि होड्या वाटताना दोघींचं जे बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. शेजारी शेजारी दारं, एकाच पाण्यावर धंदा, एकाच बाजारात जाणं, पण बोलायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचं, “तिला सांगा.” होडीवाल्याला एकदा दुसऱ्या गाडीची सवय लागली की तो परत फिरत नाही, हे सुमनला ठाऊक होतं. गाडीपेक्षा तिला होड्यांची काळजी होती. होड्या गेल्या तर गाडी नीट करून तिच्यात घालायचं काय?

मी गाडी तपासायला घेतली. हल्लीच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पायाखालच्या पट्टीला एक छोटी वस्तू जोडलेली असते, ती पाय किती दाबला ते तारेवरून कॉम्प्युटरला कळवते. त्यासाठी कॉम्प्युटर तिला पाच व्होल्ट देतो. त्या पाच व्होल्टांत गडबड झाली की कॉम्प्युटरला वाटतं पट्टी खोटं बोलतेय, आणि अपघात नको म्हणून तो इंजिन हळूच ठेवतो. तसं वाईट नाही त्याचं, आपल्या भल्याचंच बघतो. मी मोजलं तर एका जांभळ्या तारेत पाचाच्या जागी दोनसुद्धा भरत नव्हते. आता ती जांभळी तार पट्टीशिवाय आणखी कुठं कुठं जाते, ते नकाशाशिवाय कळायला मार्ग नव्हता. ती गठ्ठ्यात शिरत होती आणि पुढं तिचा रंगच बदलत होता.

यांनी बारामतीच्या वर्कशॉपमधल्या फोरमनला फोन लावला. भला पोरगा आहे, यांना मामा म्हणतो. तो म्हणाला की नकाशा समोर स्क्रीनवर दिसतोय, पण बाहेर एक रेघ जरी सांगितली तरी माझी नोकरी जाईल, मामा. यांनी पुढं काही विचारलं नाही. मीही त्याला दोष दिला नाही. पण माझ्या मनात एक येतं ते लिहून ठेवते. शिवणयंत्र विकताना दोरा कसा ओवायचा ते दुकानदार आपल्याजवळ ठेवून घेत नाही. गाडी विकली की ती ज्याची झाली त्याला तिच्या पोटातलं कळायला पाहिजे, मग तो कुणाकडूनही नीट करून घेईल. दुरुस्तीचा हक्क म्हणून आता वरच्या पातळीवर काही बोलणं चाललं आहे, असं हे पेपरात वाचून सांगत होते. होईल तेव्हा होईल. सुमनची गाडी दारात उभी होती.

मग जोडीच्या गाडीचा विषय निघाला. त्या मॉडेलची, त्याच वर्षाची पिकअप कुणाकडं आहे? सुमन जमिनीकडं बघत म्हणाली, “दोघींनी एकाच दिवशी घेतल्या हुत्या. ती घेत्या म्हणून मी घेतली.”

राहीबाईंना फोन कुणी करायचा? सुमन तर करणार नव्हतीच. हे म्हणाले, “जावा-जावांच्यात मी न्हाय पडायचो. पोलिसांना बी न्हाय जमत ते.” आणि समोरच्या टपरीवर निघून गेले. म्हणजे मीच. आडोशाला जाऊन मी वाक्य मनात म्हणून बघितलं, नमस्कार कुठं घालायचा, नाव कधी सांगायचं, सगळं. तिकडून “हॅलो” आल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. मी एकदम म्हणून गेले, “तुमची गाडी पाहिजे.”

“कोण बोलतंय? आन् कशाला?”

मी दुकानाचं नाव सांगितलं, सुमनच्या गाडीचं सांगितलं. मग राहीबाई म्हणाल्या, “बाजार आटपून येते. पर तिच्याशी बोलणार न्हाय, आधीच सांगते. आन् माझ्या गाडीला काय झालं तर तात्यांना धरणार.”

दुपारी त्या आल्या. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. पिकअप त्यांनी अशी सुमनच्या पिकअपच्या नाकासमोर आणून थांबवली की मध्ये मला जेमतेम बसायला जागा राहिली. दोघी आपापल्या गाडीच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या, दोन हातांच्या अंतरावर. आणि बोलणं सुरू झालं, सगळं माझ्यामार्फत.

राहीबाई म्हणाल्या, “तिला सांगा, गाडी धुवत न्हाय म्हणून असं झालंया.” सुमन म्हणाली, “मावशी, तिला सांगा, मी रोज धुते, मोटर लावून धुते.” मी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं. “त्या म्हणतात...” एवढं म्हणेपर्यंत पुढचं आलेलं असायचं. आयुष्यात इतकं बोलले नव्हते मी. घाम फुटला. शेवटी मीटर हातात धरून सरळ गाडीखाली गेले, तिथं कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

मीटरची एक सुई तारेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला लावली आणि मधली वाट सलग असली की मीटर वाजतं. सुमनच्या गाडीत ते कुठंही वाजत होतं, कारण आत सगळं एकात एक मिसळलेलं होतं. राहीबाईंच्या गाडीत मात्र खरं कळायला लागलं. मी पट्टीजवळच्या जांभळ्या तारेला एक सुई अडकवली आणि दुसरी घेऊन एकेक प्लग तपासत गेले. इंजिनाजवळ नाही, टाकीजवळ नाही. मागं हौद्याच्या, म्हणजे माल ठेवायच्या भागाच्या, खाली, सायलेन्सरच्या वरच्या बाजूला एक प्लग होता. धुराच्या नळीतला दाब मोजणाऱ्या वस्तूचा. तिथं मीटर वाजलं. एकाच तारेवरून पट्टीलाही वीज आणि ह्या वस्तूलाही वीज. एक पाण्यात बुडालं की दुसऱ्याचा श्वास कोंडायचा.

मग तोच प्लग मी सुमनच्या गाडीखाली जाऊन बघितला. हिरवागार झाला होता. उघडल्यावर आतून माशाच्या पाण्याचा वास आला. वर बघितलं तर बरोबर डोक्यावर, हौद्याच्या तळाला ओळीनं भोकं पाडलेली. मी बाहेर येऊन विचारलं की भोकं कुणी पाडली.

सुमन म्हणाली, वेल्डिंगवाल्याकडून मीच पाडून घेतली, बर्फाचं पाणी वाहून जायला. कशाला पाडली, असं विचारल्यावर ती जरा घुटमळली. “भर बाजारात ही म्हणाली हुती, हिच्या गाडीचा वास पार हायवेपर्यंत येतो. सगळे हसले. मग दुसऱ्याच दिवशी पाडली.”

बॉडीला बाहेरचा हात लागल्याचं वर्कशॉपवाले म्हणत होते, ते हेच. राहीबाईंनी वाकून भोकांकडं बघितलं, हिरव्या प्लगकडं बघितलं. त्यांच्या गाडीच्या तळाला एकही भोक नव्हतं, त्या जाड ताडपत्री अंथरून तिच्यावर खोकी ठेवायच्या. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण राहीबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “वैनी, तिला सांगा, लग्न होऊन आल्यापास्नं माझं एक ऐकलं न्हाय. आन् ऐकलं ते नेमकं हे ऐकलं.”

सुमन हसायला नको म्हणून तोंड फिरवून उभी राहिली, पण तिच्या पाठीवरून कळत होतं.

मी सडलेला प्लग कापून टाकला. वस्तू शाबूत होती, फक्त तारांची तोंडं गेली होती. नव्या प्लगवर तारा जोडल्या, वरून रबरी नळी चढवली, आणि तो भाग भोकांपासून लांब, चॅसीच्या आतल्या कडेनं बांधून टाकला. यांनी मध्येच येऊन भोकांना रबरी बुचं बसवून दिली आणि हे काम आपलंच असल्यासारखं दोघींना समजावून सांगितलं. मग मी पट्टीजवळ पुन्हा मोजलं. पूर्ण पाच व्होल्ट. राहीबाईंच्या गाडीत होते तेवढेच.

सुमननं चावी फिरवली, पाय दाबला, आणि इंजिनानं आवाज चढवला. ती गाडी घेऊन कालव्याच्या पुलाच्या चढावर गेली आणि तशीच वळवून परत आली. पिवळा दिवा अजून जळत होता. मी सांगितलं की काही वेळा चालूबंद केल्यावर तो आपोआप जाईल, कॉम्प्युटरला विश्वास बसायला जरा वेळ लागतो.

काम झालं होतं, तरी सुमन गाडीतून उतरून उभीच राहिली. चावी मुठीत. राहीबाईही निघाल्या नाहीत. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती गोष्ट अजून कुणी बोललं नव्हतं. शेवटी सुमन माझ्याकडं वळली. आवाज एकदम बारीक झाला होता तिचा.

“मावशी, तिला विचारा. माझ्या होड्या परत देणार हाय का न्हाय.”

हे कसं विचारायचं, ते मला समजेना. मी राहीबाईंकडं वळले, तोंड उघडलं. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून सरळ सुमनकडं बघत होत्या.

“ने की. रोज सकाळी होडीवाल्यांचं तुझंच पुराण. सुमनवैनी च्या देत्यात, सुमनवैनी टोपल्या उचलू लागत्यात, सुमनवैनी उशीर झाला तरी थांबत्यात. मी काय त्यांची सासू हाय व्हय? उद्यापास्नं तूच जा काठाला.”

“मग एवढे दिवस नेलास कशाला माल?”

“त्या जागंवर दुसऱ्या कुणाची गाडी येऊन थांबली असती तर हलली असती का ती? म्हणून म्या लावली माझी.”

सुमन म्हणाली, “च्या तू बी द्यायचास की त्यांना.”

“दिला एक दिवस. पाण्यात टाकला त्यांनी.”

माझं तोंड अजून उघडंच होतं, ते मी मिटलं. मीटर उचललं, तारा गोळा केल्या आणि पत्र्याच्या आडोशाला जाऊन बसले. बाहेर दोघींचं चाललंच होतं, आता चहात साखर किती घालायची त्यावर. टेबलावर एक सेल्फची मोटर उघडून ठेवलेली होती. ती भरून होईपर्यंत मला कुणी हाक मारली नाही.